जीएनएमला जाण्याआधी काय वाचू? ओआरएसच्या पाकिटापासून सुरुवात कर

दहावी मराठी माध्यमातून, बारावी आर्ट्स, आता जीएनएमला, म्हणजे नर्सिंगच्या डिप्लोमाला, प्रवेश मिळतोय आणि विज्ञान सुटून दोन वर्षं झाली, तर आधी काय वाचू, असं तू विचारलंस. बावीस वर्षं वॉर्डात काढल्यावर सांगते, अ‍ॅनाटॉमीची जाड पुस्तकं आत्ताच घेऊ नकोस. मेडिकलमधून ओआरएसचं एक लिटरचं पाकीट आण.

त्यावर घटक छापलेले असतात: ग्लुकोज १३.५ ग्रॅम, सोडियम क्लोराइड म्हणजे मीठ २.६, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. आता स्वतःला विचार, जुलाबात पाणी जातं, मग नुसतं पाणी का नाही पाजायचं? एक तर पाण्याबरोबर क्षारही गेलेले असतात. दुसरं, लहान आतड्याच्या पेशींत सोडियम आणि ग्लुकोज जोडीने आत घेणारी एक वाट असते, आणि त्यांच्यामागोमाग पाणी शोषलं जातं. पटकीतही, म्हणजे कॉलऱ्यातही, ही वाट चालू राहते. म्हणजे यातली साखर ताकदीसाठी नाही, मीठ आत नेण्यासाठी आहे. हे कळलं त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

याच आधारावर १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी, सलाईन संपत आल्यावर, पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी पाजलं. मृत्यूचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ३.६ टक्क्यांवर आलं. पाजणाऱ्यांत रुग्णांचे नातेवाईकही होते.

पोटॅशियम कमी झालं की स्नायू गळतात, हृदयाचे ठोके बिघडतात. सायट्रेट रक्तातलं वाढलेलं आम्ल कमी करायला.

परासरण, म्हणजे पातळ पटलातून पाणी दाट द्रावणाकडे जाणं, शाळेत मनुक्यांवर शिकलीस ना? माझ्या पहिल्या पोस्टिंगला एका आईने लिटरचं अख्खं पाकीट एका पेल्यात कालवून बाळाला पाजलं होतं. जुलाब वाढले. द्रावण रक्तापेक्षा दाट झालं की आतडं पाणी घेण्याऐवजी उलट सोडतं. त्या बाईची चूक नव्हती, तिला पाकीट देताना कोणी पाणी मोजून दाखवलंच नव्हतं. तेव्हापासून मी लिटरची बाटली हातात धरूनच सांगते. सलाईन ०.९ टक्के, म्हणजे लिटरला ९ ग्रॅम मीठ, असण्यामागेही हेच कारण. शिरेत नुसतं पाणी सोडलं तर तांबड्या पेशी फुगून फुटतील.

आणि गणित सोडू नकोस. ५०० मिली सलाईन ४ तासांत द्यायचं, सेट म्हणजे सलाईनची नळी २० थेंबांना १ मिलीची, तर मिनिटाला किती थेंब? ५०० गुणिले २०, भागिले २४० मिनिटं, म्हणजे साधारण ४२. अशी रोज पाच उदाहरणं कर. इंग्रजी शब्द याच ओघात पाठ होतात, त्याची धास्ती घेऊ नकोस.

कॉलेज सुरू होईपर्यंत पाकिटावरच्या एकेका घटकापुढे 'हा कशासाठी' ते तुझ्या शब्दांत लिहून मला दाखव. मी तपासून देते.