वाद लेवीयपाशी का अडकतो?

प्रश्न : अंधेरीतल्या आमच्या प्रार्थनागटात कॅथलिक आहेत, सीएनआयचेही (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रोटेस्टंट चर्चचे) आहेत. समलैंगिकतेचा विषय निघाला की एकजण जुन्या करारातलं लेवीय 18:22 (पुरुषाने पुरुषाशी संग करू नये) वाचतो, दुसरा विचारतो, ‘मग कोळंबी कशी खाता?’ आणि बैठक मोडते. वाचायचं कसं?

उत्तर : कोळंबीचा मुद्दा खोटा नाही, अपुरा आहे. लेवीय 11 मध्ये पंख आणि खवले नसलेले जलचर वर्ज्य आहेत. ते आपण पाळत नाही. पण 18व्या अध्यायातच जवळच्या नात्यातले संबंध आणि मुलांचा बळी निषिद्ध आहे, आणि ती बंधनं कुणीही सोडलेली नाहीत. त्यामुळे ‘जुना नियम संपला’ म्हणून भागत नाही. परंपरावादी प्रेषितांची कृत्ये 15 दाखवतात : यरुशलेमच्या सभेने परराष्ट्रीयांवर सुंता लादली नाही, जारकर्म मात्र वर्ज्यच ठेवलं.

देवाने नष्ट केलेल्या सदोम नगराचा दाखलाही तितकाच लंगडा. उत्पत्ती 19 मध्ये जमाव पाहुण्यांवर बळजबरी करायला आला आहे. यहेज्केल 16:49 सदोमचा दोष सांगतो तो गर्व, सुखवस्तूपणा आणि गरिबांना हात न देणं. पुढच्या वचनात ‘अमंगळ कृत्ये’ येतात. तेही वगळू नका.

खरा वाद रोमकरांस 1:26-27 वर आहे (प्रेषित पौलाच्या पत्रातली ही वचनं समलिंगी संबंधांना अस्वाभाविक म्हणतात), कारण हा नवा करार आहे आणि इथे स्त्रियांचाही उल्लेख येतो. परंपरावाद्यांच्या मते पौल देवाने घालून दिलेल्या स्त्री-पुरुष रचनेबद्दल बोलतो. दुसरी बाजू म्हणते, हे मूर्तिपूजेच्या आरोपाच्या ओघात आलं आहे; आयुष्यभर एकनिष्ठ राहणारं समलिंगी जोडपं पौलाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. दोन्ही वाचनं गंभीर आहेत. चूक होते ती 27व्या वचनावर पुस्तक मिटण्यात. 2:1 मध्ये पौल दुसऱ्याचा न्याय करणाऱ्यालाच जाब विचारतो.

कॅथलिकांसाठी वचनासोबत परंपरा आणि चर्चची अधिकृत शिकवणही येते. कॅटेकिझमचा (या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाचा) परिच्छेद 2357 समलैंगिक कृती नाकारतो, 2358 त्या व्यक्तींशी आदराने वागायला आणि अन्याय्य भेदभाव टाळायला सांगतो. गटात पहिलाच वाचला जातो, हे मला फार खटकतं. मुंबईचे तेव्हाचे आर्चबिशप ओसवाल्ड ग्रेशियस यांनी 2013 मध्येच समलैंगिकांना गुन्हेगार ठरवण्याला विरोध केला होता. विवाहाची शिकवण मात्र त्यांनी बदलली नाही.

पुढच्या बैठकीत रोमकरांस 1:18 ते 2:4 सलग वाचा. आधी पौल कुणाशी बोलतो ते ठरवा, मग मतं मांडा. आणि बोलताना गटातल्या कुणाच्या घरातलं उदाहरण काढू नका.