चर्चिल आणि द गॉल : भांडले, पण तोडलं नाही

प्रश्न : शत्रू एकच, हिटलर. मग ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल आणि फ्रेंच जनरल द गॉल या दोघांचं सतत का वाजायचं?

उत्तर : फ्रान्स जर्मनीपुढे कोसळत असताना, लढा चालू ठेवायला १७ जून १९४० रोजी द गॉल लंडनला उतरले ते रिकाम्या हातानं. ना सैन्य, ना खजिना, ना लोकांचा कौल. फ्रान्समध्ये जर्मनीशी जुळवून घेतलेल्या विशी सरकारनं तर पुढे त्यांना देहदंड ठोठावला. जागा, पैसा, बीबीसीचा माइक, सगळं ब्रिटनचं. पण मिंधेपणा दाखवला असता तर मायदेशी ते इंग्रजांचं प्यादं ठरले असते. माझ्या मते ताठा हेच त्यांचं एकमेव भांडवल होतं.

त्यातच ३ जुलैला, फ्रेंच आरमार जर्मनांच्या हाती पडू नये म्हणून, ब्रिटिशांनी अल्जीरियातल्या मर्स-एल-केबीर बंदरात त्यावर तोफा डागल्या. जवळपास १,३०० फ्रेंच नाविक गेले. हे दुःख गिळून द गॉल लंडनमध्येच राहिले. त्यांना नुसतं हेकेखोर म्हणणारे हे विसरतात, याचं मला वाईट वाटतं.

प्रश्न : दोघं समोरासमोर भिडले असा एखादा प्रसंग सांगाल?

उत्तर : १२ सप्टेंबर १९४१चा. फ्रान्सच्या अमलाखालच्या सीरियात ब्रिटननं डावललं म्हणून चिडलेल्या द गॉल यांनी एका अमेरिकी वार्ताहराला सांगून टाकलं होतं, की ब्रिटन विशीच्या आडून हिटलरशी सौदा करतंय. चर्चिल भडकले. हात मिळवायचा नाही, फ्रेंच बोलायचं नाही, असं ठरवूनच बसले. त्यांचे चिटणीस कोलव्हिल दुभाषे होते. चर्चिल यांच्या कोरड्या ‘जनरल द गॉल’चं त्यांनी अदबीनं ‘मों जेनेराल’ (माझे जनरल) केलं, तर चर्चिल त्यांच्यावरच उखडले. त्यांना बाहेर काढलं. दुसरा दुभाषा आला, तोही टिकला नाही. मग तासभर दार बंद. शेवटी कोलव्हिल धास्तावून आत गेले, तर दोघं शेजारीशेजारी बसलेले, चर्चिल फ्रेंचमध्ये बोलताहेत आणि द गॉल त्यांचाच सिगार ओढताहेत!

प्रश्न : चर्चिल यांनी त्यांना दूर करायचा प्रयत्न केला होता का?

उत्तर : हो. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांना द गॉल मुळीच खपत नसत. मे १९४३मध्ये चर्चिल यांनी वॉशिंग्टनहून लंडनला आपल्या मंत्रिमंडळाला तार केली, की द गॉल यांच्याशी संबंध तोडावेत. उपपंतप्रधान ॲटली, परराष्ट्रमंत्री ईडन आणि मंत्रिमंडळानं ती मानली नाही.

प्रश्न : मग शेवटी फ्रान्सच्या पदरात काय पडलं?

उत्तर : फेब्रुवारी १९४५मध्ये याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि सोव्हिएत नेते स्टालिन यांची परिषद झाली, तिथे द गॉल यांना बोलावणंच नव्हतं. युद्धानंतर विजेते जर्मनी वाटून ताब्यात घेणार होते, त्यात फ्रान्सलाही वाटा हवा म्हणून तिथे स्टालिनशी हुज्जत घातली ती चर्चिल यांनी, आणि तो मिळवूनही दिला.