जादू आणि हातचलाखी शिकायला कोणती पुस्तकं वाचावीत?

तुम्ही लिहिलंय की व्हिडिओ बघून पत्त्यांचे चार-पाच प्रयोग येतात, पण लोकांसमोर हात अडखळतो, म्हणून आता पुस्तकातून पायापासून शिकायचंय. मी गेली वीस वर्षं पत्ते आणि नाणी हाताळतोय. माझं मत विचाराल तर पहिल्या वर्षी एकच पुस्तक घ्या.

ते म्हणजे जीन ह्यूगार्ड आणि फ्रेडरिक ब्राऊ यांचं १९४८ सालचं 'द रॉयल रोड टू कार्ड मॅजिक'. सुरुवातच ओव्हरहँड शफलने होते. रमीला बसल्यावर आपण पत्ते पिसतो ना, तेच. म्हणजे पहिलं प्रकरण आपल्या हाताला आधीच ओळखीचं असतं. मग त्याच पिसण्यात हळूच एक गोष्ट मिसळली जाते: एक पत्ता किंचित आपल्या बाजूला सरकवून टाकायचा, त्यावर बाकीचे पिसत राहायचे आणि शेवटी त्या बाहेर आलेल्या कडेवरून बरोबर तिथेच काटायचं. वाचायला दोन मिनिटं लागतात. हाताकडे न बघता जमायला मला तीन आठवडे लागले. पण ते जमल्यावर समोरच्याने निवडलेला पत्ता कितीही पिसा, तुमच्या ताब्यातच राहतो. प्रत्येक युक्तीपाठोपाठ तिच्यावर बेतलेले प्रयोग दिले आहेत, त्यामुळे शिकलेलं त्याच आठवड्यात घरच्यांना दाखवता येतं.

दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलायची डबल लिफ्ट या पुस्तकात बरीच पुढे येते. मी पाहिलेले बहुतेक व्हिडिओ मात्र तिथूनच सुरू होतात. तुमचा हात अडखळतो त्याचं कारण मला इथेच दिसतं. पत्ते सहज धरायची सवय नसताना डबल लिफ्ट केली की बोटं ताठरतात, आणि ताठरलेली बोटं प्रेक्षकाला लगेच दिसतात.

वाचायची पद्धतही महत्त्वाची. पुस्तक टेबलावर उघडं, पत्ते हातात. एक वाक्य वाचायचं, तेवढंच करायचं, मग पुढचं. उजव्या-डाव्याचा गोंधळ होईल, होऊ द्या. व्हिडिओतून शिकवणाऱ्याचा वेग आणि त्याचे हातवारे नकळत आपल्यात उतरतात. पुस्तक फक्त बोटं कुठे हवीत ते सांगतं, लय तुमची तुम्हालाच शोधावी लागते. म्हणूनच ती तुमची होते.

फक्त पत्त्यांत रस नसेल आणि इंग्रजी जड जात असेल, तर मार्क विल्सन यांचं 'कम्प्लीट कोर्स इन मॅजिक' (१९७५) घ्या. दोरी, रुमाल, नाणी, कप आणि चेंडू, सगळं त्यात आहे, आणि पायरी-पायरीने इतकी चित्रं आहेत की मजकूर कमी कळला तरी अडत नाही.

नाण्यांसाठी जे. बी. बोबो यांचं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' (१९५२). यात एक अडचण येते. अमेरिकन जादूगार सहसा अर्ध्या डॉलरचं नाणं वापरतात, ते ३०.६ मिलिमीटरचं. आपलं दहा रुपयांचं २७ मिलिमीटरचं. तळहातात नाणं धरून ठेवताना हा फरक चांगलाच जाणवतो. दहाच्या नाण्यावरच सराव करा, कारण प्रेक्षकाच्या खिशातून तेच निघणार आहे. तळव्यात नेमकी पकड कुठे बसते ते मात्र स्वतःच्या हातावर शोधावं लागेल.

एर्डनेस या टोपणनावाने १९०२ साली निघालेलं 'द एक्स्पर्ट ॲट द कार्ड टेबल' सगळे सुचवतील. थोर पुस्तक आहे, मी अजूनही वाचतो. पण त्याचा मोठा भाग जुगारी पत्ते कसे फिरवतात यावर आहे आणि भाषा घट्ट आहे. दोन वर्षांनी घ्या.

आणि सरावाला वेगळा वेळ काढायची वाट बघू नका. फ्रान्सचे रॉबेर-हूदँ मुळात घड्याळजी. दुकानदाराने घड्याळांच्या पुस्तकाऐवजी चुकून जादूचं पुस्तक दिलं आणि ते या कलेत आले, असं त्यांनी आत्मचरित्रात लिहिलंय. चालताना हात सहज आत जावेत असे कोटाचे खिसे त्यांनी करून घेतले होते, रस्त्यातही सराव चालू राहावा म्हणून. तुम्ही आजपासून खिशात दहाचं एक नाणं ठेवा. लोकलमध्ये, बसस्टॉपवर ते तळव्यात धरून हात मोकळा सोडून उभे राहा. ते हातात आहे हे तुम्हीच विसरलात, की बोबोंचं पुढचं प्रकरण उघडा.