मॅनेजरला काढलं, पण भाडेकरूंना सांगायचं राहिलं

ताई, देवपुरात तुमची चार ब्लॉकची बिल्डिंग, तुम्ही पुण्यात, भाडं गोळा करायला गावाकडचाच एक मॅनेजर. त्याला फेब्रुवारीत तुम्ही फोनवर काढून टाकलं तरी जूनपर्यंत भाडं तोच घेत राहिला, आणि त्यानेच आणलेल्या कॉन्ट्रॅक्टरने केलेलं गच्चीचं वॉटरप्रूफिंग पहिल्याच पावसात गळलं. आता भाडेकरूंकडून चार महिन्यांचं भाडं परत घेता येईल का, नाही दिलं तर लाईट तोडू का, दोघांवर केस टाकू का, असं तुम्ही विचारताय. जळगाव घ्या, भुसावळ घ्या, चाळीसगाव घ्या, मालक बाहेरगावी आणि कारभार फोनवर असला की मला येणारा मेसेज थोड्याफार फरकाने हाच असतो.

लाईट-पाण्याला हात लावू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 29 ने ते बंद करता येत नाही, केलं तर भाडेकरू कोर्टात आणि तुम्हीच आरोपीसारख्या उभ्या. हा विषय इथेच संपला.

खरा प्रश्न एकच आहे, मॅनेजरला काढल्याचं भाडेकरूंना कधी कळलं? करार कायदा 1872, कलम 208. एजंटचा, म्हणजे इथे मॅनेजरचा, अधिकार तुम्ही काढून घेतला तर त्याच्यापुरता तो त्याला कळल्यावर संपतो, पण बाहेरच्या माणसापुरता त्या माणसाला कळल्यावरच संपतो. कायद्यातच याचं उदाहरण दिलंय आणि तेही कापसाचं: मद्रासचा मालक मुंबईच्या गोदामातला कापूस विकायला एजंटला पत्र लिहितो, मग दुसरं पत्र टाकून विकू नको म्हणतो, एजंटला ते दुसरं पत्र मिळतं तरी तो कापूस विकतो, गिऱ्हाईकाला पहिलं पत्र माहीत असतं दुसरं नसतं, तो पैसे देतो आणि एजंट पैसे घेऊन पसार. गिऱ्हाईकाने दिलेले पैसे मालकाविरुद्ध चालतात, मालकाला ते त्याच्याकडून परत मागता येत नाहीत. कापसाच्या जागी तुमचं भाडं ठेवा.

म्हणजे ज्या भाडेकरूला काहीच माहीत नव्हतं त्याने भाडं दिलं, त्याचं देणं फिटलं. त्याला परत मागू नका, नोटीस तर अजिबात पाठवू नका, मिळायचं काही नाही आणि संबंध मात्र बिघडतील. तुम्ही लिहिलंय की "भाडेकरूंसमोर उगाच तमाशा नको म्हणून सांगितलं नाही". अहो, तमाशा कसला, चार ओळींचं पत्र होतं! तेवढं टाकलं असतं तर आज मला हे लिहायची वेळच आली नसती.

वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचं मात्र वेगळं आहे. त्याला होळीच्या दिवशी तुम्ही फोनवर सांगितलं म्हणता. कलमात "कळणं" म्हटलंय, लेखीच पाहिजे असं नाही, पण तो कोर्टात उभा राहून मला कोणी काही बोललं नाही म्हणाला तर? व्हॉट्सॲपवर त्यानंतर काही बोलणं झालं असेल तर ते डिलीट करू नका, मोबाईल बदलू नका. ते पुरावा म्हणून द्यायचं तर सोबत सर्टिफिकेट लागतं, ते तुमचे वकील बघतील.

आजच चारही भाडेकरूंना पत्र द्या. अमुक माणसाला माझ्या वतीने भाडं किंवा डिपॉझिट घ्यायचा अधिकार नाही, यापुढचं भाडं या खात्यात टाका, बस. एक प्रत स्पीड पोस्टने, एक हातात देऊन आपल्या कॉपीवर तारखेसकट सही. त्यानंतरही कोणी मॅनेजरलाच पैसे दिले तर ते त्या भाडेकरूने बघावं, तुमचं भाडं त्याला तुम्हाला द्यावंच लागेल.

पैसे वसूल करायचे ते मॅनेजरकडून. कलम 213 खाली मागितल्यावर हिशोब देणं त्याला भागच आहे, तेव्हा लेखी मागा. दाव्याची मुदत तीन वर्षं. एजन्सी, म्हणजे त्याचं तुमच्या वतीने काम, चालू असताना हिशोब मागितला आणि त्याने नाकारला तर तेव्हापासून, मागितलाच नसेल तर एजन्सी संपल्यापासून. मागच्या दिवाळीत तुम्ही हिशोब मागितला आणि तो "देतो ना ताई, टेन्शन नका घेऊ" म्हणाला, हा नकार धरायचा का यावर वाद होईल, म्हणून तुम्ही दिवाळीपासूनच मोजा. पोलिसात जायचं तर जा, विश्वासघाताचं कलम आहे, पण ठाण्यात "हे दिवाणी मॅटर आहे" हे ऐकायची तयारी ठेवा. आणि दिवाणीत बेलिफ जातो, घराला कुलूप बघतो, समन्स परत आणतो, पुढची तारीख. म्हणून मॅनेजरला नोटीस द्यायला आता उशीर नको.

करारनामे रजिस्टर नाहीत, "अकरा महिन्यांचे आहेत म्हणून". महाराष्ट्रात भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे अकरा महिन्यांचाही रजिस्टर करावा लागतो आणि ती जबाबदारी मालकाची. नसेल तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते आधी खरं धरलं जातं, खोडून काढायचं तुम्ही. डिपॉझिट मॅनेजरने किती घेतलं हे तुम्हालाच माहीत नाही म्हणता, तिथे हेच अंगावर येणार आहे.

राहिला कॉन्ट्रॅक्टर. ग्राहक आयोगात दोन वर्षांत जाता येतं, तुम्ही राहता त्या पुण्यातही तक्रार चालू शकते, पण बिल्डिंग भाड्याची म्हणून "व्यावसायिक हेतू", म्हणजे तुम्ही ग्राहकच नाही, असा आक्षेप तो घेणारच. टिकेल की नाही, आत्ता छातीठोक सांगत नाही. बिल नाही, कोटेशन नाही, पांढऱ्या कोटिंगचा व्हिडिओ बघून तुम्ही सगळे पैसे ट्रान्सफर केले. गच्चीवर पाणी तुंबवून बघितल्याशिवाय शेवटचा हप्ता देतं का कोणी? असो. पैसे त्याच्या खात्यात गेले की मॅनेजरच्या, ते बँक स्टेटमेंटमध्ये बघून कळवा, मॅनेजरच्या खात्यात गेले असतील तर त्याचं कमिशन यातही निघेल. आणि दुसऱ्या कोणाला ती गच्ची फोडू देण्याआधी इंजिनिअरकडून फोटोसकट लेखी रिपोर्ट घ्या, पॅरापेटच्या, म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या, सांध्यातून पाणी येतंय की स्लॅबमधून हे त्यात स्पष्ट लिहून घ्या. कोटिंग एकदा खरवडलं गेलं की पहिल्याने काय केलं होतं ते दाखवायला काहीच उरत नाही.