'लाईफटाईम' म्हणून घेतलेलं सॉफ्टवेअर आता वर्गणीवर: 'सहमत' दाबण्याआधी

प्रश्न: नंदगडला माझं छोटं मेडिकल आहे. 2019 मध्ये कोल्हापूरच्या एका कंपनीचं बिलिंग सॉफ्टवेअर बेळगावच्या डीलरकडून 18,000 रुपये आणि वर जीएसटी देऊन घेतलं. बिलावर 'लाईफटाईम लायसन्स' असं छापलंय. आता रोज सकाळी कॉम्प्युटर चालू केला की मेसेज येतो: वर्षाला 7,500 रुपये वर्गणी भरा, नाहीतर 31 मार्चनंतर सॉफ्टवेअर उघडणार नाही. खाली 'सहमत'चं बटण. माल, उधारी, एच-वन रजिस्टर (ठराविक औषधांच्या विक्रीची नोंदवही) सगळं त्यातच आहे. डीलर म्हणतो, करारात 'न्यायक्षेत्र कोल्हापूर' लिहिलंय, तुम्ही कर्नाटकातले, तुम्हाला काही करता येणार नाही. भाच्याच्या ओळखीचा एक जण 1,500 रुपयांत लॉक तोडून देतो म्हणतोय. काय करू?

उत्तर: नमस्कार. ते बटण आज दाबू नका, आणि दुकानात हाताखाली जो मुलगा असेल त्यालाही बजावून ठेवा. करार कायद्याच्या कलम 62 प्रमाणे जुन्या कराराच्या जागी नवा करार यायला दोन्ही पक्षांची संमती लागते. तुमची संमती आज कंपनीकडे नाही. ती त्या क्लिकमधून मिळाली, असं उद्या सांगितलं जाईल. आणि नव्या व्यवहारात तुमची बाजू आजच्याइतकी भक्कम राहणार नाही. वर्षाच्या साडेसात हजारांपेक्षा मला याची जास्त काळजी वाटते.

धंद्यासाठी घेतलेल्या वस्तूबद्दल ग्राहक आयोगात सहसा जाता येत नाही. पण ग्राहक संरक्षण कायदा 2019 च्या कलम 2(7) मध्ये एक सवलत आहे: स्वतः राबून पोट भरण्यासाठी जो वस्तू विकत घेऊन वापरतो, तो ग्राहकच. गल्ल्यावर तुम्ही स्वतः बसता. एकदोन माणसं मदतीला असली म्हणून हे संरक्षण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1995 च्या लक्ष्मी इंजिनिअरिंग निकालात सांगितलंय. खरेदी व्यापारी हेतूची होती हे दाखवण्याचा भार समोरच्यावर आहे, हेही त्याच न्यायालयाने 2024 साली स्पष्ट केलं.

मेख पुढे आहे. 1986 च्या जुन्या कायद्यात ही सवलत वस्तू आणि सेवा दोन्हींना होती. 2019 च्या कायद्यात ती फक्त वस्तूंपुरती उरली. म्हणजे तुमचं सॉफ्टवेअर वस्तू ठरलं तर तुम्ही आयोगाच्या दारात उभे राहू शकता. सेवा ठरलं तर कंपनीचा वकील पहिल्याच तारखेला तुम्हाला बाहेर काढायला बघेल. पेटीबंद, तयार सॉफ्टवेअर ही वस्तूच आहे, असं टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या विक्रीकराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये ठरवलंय. 2019 च्या तुमच्या खरेदीला तो आधार घेता येतो. वर्षाच्या वर्गणीला तो लावणं फार अवघड. म्हणून म्हणतो, बटणाला हात लावू नका.

आता 2019 चं ते बिल काढा आणि त्यावरचा एचएसएन कोड, म्हणजे जीएसटीसाठी माल-सेवेच्या वर्गवारीचा आकडा, बघा. 8523 ने सुरू होत असेल तर विकणाऱ्यानेच तो माल म्हणून विकलाय. 9973 असेल तर त्याने वापराच्या परवान्याची सेवा दाखवली आहे. तसं निघालं तरी हातपाय गाळू नका, कराचा कोड हा शेवटचा शब्द नसतो. पण तुमच्या वकिलाला हे आधी माहीत हवं.

कंपनीची बाजूही ऐका. सॉफ्टवेअरचा कॉपीराइट तुम्ही घेतलेला नाही, तो कंपनीचाच आहे. तुम्ही घेतलाय वापरण्याचा हक्क, कायमचा, एकरकमी पैसे मोजून. त्या हक्कात पुढची सगळी अपडेट फुकट मिळतील, असं लिहून दिलेलं नसेल तर तो आग्रह टिकणार नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून औषधांवरचे जीएसटीचे दर बदलले, तसले बदल करून द्यायला कंपनीने पैसे मागितले तर ते रास्त आहे. फोटोशॉप बनवणाऱ्या ॲडोबीने 2013 मध्ये वर्गणीची वाट धरली तेव्हाही आधी एकरकमी विकलेल्या प्रती त्या घोषणेने बंद पडल्या नाहीत. नवं विकायचं ते कसंही विका. एकदा विकलेलं बंद पाडायचा अधिकार त्यातून येत नाही. तुमच्या बाबतीत माझी हरकत एवढ्यावरच आहे, आणि ती ठाम आहे.

'कंपनी कधीही अटी बदलू शकते' असं कलम करारात असेलच. असल्या एकतर्फी कलमाला कायदा अनुचित करार म्हणतो. पण तसं घोषित करून घ्यायला राज्य आयोगात जावं लागतं, जिल्हा आयोगाला तो अधिकार नाही. तेव्हा तक्रार बेळगावला करायची असेल तर अनुचित व्यापारी प्रथा आणि सदोष माल, या दोन मुद्द्यांवर बांधून घ्या.

डीलरच्या 'न्यायक्षेत्र कोल्हापूर'ला घाबरू नका. 2019 च्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो किंवा काम करतो, तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनी कोल्हापूरची असो की पुण्याची, तिला बेळगावला यावं लागेल. सीमेच्या अलीकडे राहतो म्हणून आपला हक्क कमी, ही समजूत आपल्या भागात फार खोल रुजलीय. निदान इथे तरी ती खरी नाही. तक्रार इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये तयार करून घ्या आणि मराठी कागदांचं भाषांतर जोडा. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं.

लॉक तोडणाऱ्याला मात्र दुकानाची पायरी चढू देऊ नका. कॉपीराइट कायद्याच्या कलम 63बी खाली बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला सात दिवस ते तीन वर्षं कैद होऊ शकते, आणि संरक्षक लॉक फोडण्यासाठी कलम 65ए वेगळं आहे. आज फिर्यादी तुम्ही आहात. लॉक तुटलं की आरोपी व्हाल. त्याच कायद्याचं कलम 52 तुमच्या बाजूचं आहे: कायदेशीर धारकाला बॅकअप प्रत ठेवायचा हक्क आहे. तो आजच वापरा.

खरी निकड डेटाची आहे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून 72 महिने जपावे लागतात, एच-वन रजिस्टर तीन वर्षं. औषध निरीक्षक दारात आला तर 'सॉफ्टवेअर उघडत नाही' हे उत्तर तो ऐकून घेणार नाही. आज रात्री दुकान बंद केल्यावर बसा. विक्री, खरेदी, उधारीची खाती, बॅच नंबर आणि एक्स्पायरीसकट साठा, सगळं एक्सेलमध्ये काढा. एच-वन रजिस्टर छापून फाईलला लावा. पेन ड्राइव्हवर दोन प्रती करा, एक घरी ठेवा. रोजच्या त्या मेसेजचा तारखेसह फोटो घ्या. डीलरशी यापुढे फोनवर बोलू नका, व्हॉट्सॲपवर लिहून विचारा. दुरुस्तीसाठी दिलेला रिमोट ॲक्सेस काढून टाका.

मग वकिलाकडून कंपनी आणि डीलर दोघांनाही पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. मागण्या दोनच: 2019 ची आवृत्ती आहे तशी चालू ठेवा, आणि डेटा वाचता येईल अशा स्वरूपात द्या. तोवर 1915 या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवा, तिथे मराठीत बोलता येतं. पुष्कळ कंपन्या एवढ्यावर नरम येतात. नाही आल्या तर 31 मार्चची वाट न बघता आयोगात जा, आणि तक्रारीसोबतच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 38(8) खाली अंतरिम आदेशाचा अर्ज द्या, म्हणजे निकाल लागेपर्यंत सॉफ्टवेअर बंद पाडू नये. मेसेजचे फोटो आणि व्हॉट्सॲपची पानं पुराव्यात देताना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागेल. ते तुमच्या वकिलाकडून आधीच तयार करून घ्या.