रिकव्हरी कोड व्हॉल्टमध्येच ठेवलात का? मी ठेवला होता

तुम्ही लिहिलंय की लोकलमध्ये फोन गेला, बिटवॉर्डनचा (पासवर्ड साठवायच्या अ‍ॅपचा) मास्टर पासवर्ड पाठ आहे पण ऑथेंटिकेटर, म्हणजे लॉग-इनचा कोड दाखवणारं अ‍ॅप, त्याच फोनमध्ये, त्यामुळे ६ आकडी कोड मिळत नाही. वाचून पोटात गोळा आला, ठाण्याला उतरताना माझा फोन गेला तेव्हा सेम हेच झालं होतं.

आधी घरच्या-ऑफिसच्या सगळ्या लॅपटॉपवर ब्राउझरमधलं एक्स्टेन्शन बघा. ते नुसतं लॉक झालेलं असेल तर मास्टर पासवर्डवर उघडतं, कोड मागत नाही. लॉग-आउट झालेलं असेल तर मागतं. म्हणून चुकूनही लॉग-आउट करू नका, ब्राउझरचा डेटा क्लिअर करू नका, उघडलं की लगेच एक्स्पोर्ट, म्हणजे सगळ्या पासवर्डची कॉपी असलेली फाइल, काढा. आणि एक्स्पोर्ट काढताना फाइलला स्वतःचा पासवर्ड द्यायचा ऑप्शन घ्या. 'अकाउंट रिस्ट्रिक्टेड'वाली फाइल दुसऱ्या अकाउंटमध्ये इम्पोर्टच होत नाही आणि साधी फाइल कोणीही वाचू शकतं.

माझ्याकडे असा लॅपटॉप नव्हता. रिकव्हरी कोड (फोन गेला तर ६ आकडी कोडची अट काढून टाकणारा कोड) होता, पण तो मी व्हॉल्टमध्येच, म्हणजे बिटवॉर्डनमध्ये पासवर्ड असतात तिथेच, सिक्युअर नोट करून ठेवलेला, म्हणजे तिजोरीची किल्ली तिजोरीत. ईमेलचा पासवर्डही आतच, आणि तो बदलायचा तर ओटीपी हरवलेल्या नंबरवर. मग डुप्लिकेट सिमसाठी मोबाइल कंपनीच्या गॅलरीत खेटे. पहिल्या दिवशी पोलिसांची तक्रार आणा, दुसऱ्या दिवशी आधारवरचा पत्ता जुळत नाही, तिसऱ्या दिवशी सर्व्हर डाउन. चौथ्या दिवशी सिम मिळालं तर रात्री अकरापर्यंत ओटीपीची वाट बघत बसले, एकही आला नाही. नवीन सिमवर पहिले २४ तास एसएमएस बंद असतात, नियम आपल्याच भल्यासाठी आहे, सिम स्वॅपचे (आपल्या नंबरचं सिम दुसऱ्यानेच काढायचे) फ्रॉड अडवायला, पण काउंटरवरच्या माणसाने एका वाक्यात सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? त्याचा राग मला आजही येतो. शेवटी ईमेल परत मिळाला आणि नवीन अकाउंट काढून एकेक पासवर्ड रीसेट करण्यात दोन आठवडे गेले. बिटवॉर्डनवाले स्वतः टू-स्टेप, म्हणजे ती ६ आकडी कोडची पायरी, काढून देत नाहीत, आणि माझ्या मते ते बरोबरच आहे, मला देतील तर चोरालाही देतील.

आता माझा कोड हाताने कागदावर लिहिलेला आहे, एक एलआयसीच्या फाइलमध्ये, एक साताऱ्याला आईच्या कपाटात. मास्टर पासवर्डशिवाय त्या कागदाचा कोणाला उपयोग नाही. कोड एकदा वापरला की नवा तयार होतो, तेव्हा कागदही बदलायचा.

खाली कोणीतरी लिहिलंय की पासवर्ड मॅनेजरच नको, २०२२ मध्ये लास्टपासचं (बिटवॉर्डनसारखंच दुसरं अ‍ॅप) काय झालं बघा. मला पटत नाही. तिथे व्हॉल्टच्या कॉपी चोरीला गेल्या हे खरं, साइट्सचे पत्ते तर एन्क्रिप्टच (किल्लीशिवाय वाचता येणार नाहीत असे) नव्हते, पण पासवर्ड एन्क्रिप्टेड होते, आणि धोका जास्त कोणाला, तर मास्टर पासवर्ड कमजोर असलेल्यांना. पाच-सहा असंबद्ध शब्दांचा लांब मास्टर पासवर्ड ठेवा, दुसरीकडे कुठेच वापरू नका. मी सिक्युरिटीवाली नाही, अकाउंट्समध्ये आहे, तेव्हा जाणकारांनी चुकलं असेल तर सांगा.

आणि फोन संचार साथीवर (सरकारी पोर्टलवर) ब्लॉक करायचा तर तिथेही ओटीपी लागतो, म्हणून सिमसाठी आजच जा, तक्रारीची कॉपी आणि आधार दोन्ही घेऊन. लॅपटॉपवर लॉक दिसतंय की लॉग-आउट, तेवढं इथे कळवा.