प्रोस्टेटच्या रेडिएशनमध्ये आजूबाजूचे अवयव वाचवायला काय करता येतं? स्पेसर जेल घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की वडिलांना २० सिटिंगचं रेडिएशन सांगितलंय आणि गुदाशयाला इजा होऊ नये म्हणून जेल घालून घ्यावं का ते कळत नाहीये. हा प्रश्न वाचून राहवलं नाही, कारण याच जेलवरून माझ्यात आणि थोरल्या भावात दोन वर्षं धड बोलणं नाहीये.

बाबा ७१ वर्षांचे, एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले. कॅन्सर कळला तेव्हा दादाने जेलबद्दल कुठेतरी वाचलं आणि फोनवर सांगितलं, पैसे मी भरतो, पण ते घालूनच घ्या. जेल वाईट नाही, हे आधी सांगतो. प्रोस्टेट आणि गुदाशय एकमेकांना खेटून असतात, मध्ये सुईने जेल सोडलं की साधारण एक सेंटीमीटरचं अंतर पडतं, आणि सहा महिन्यांच्या आसपास ते आपोआप विरघळून जातं. अमेरिकेत २२२ पेशंटवर ट्रायल झाली होती, त्यात तीन वर्षांनी गुदाशयाचा त्रास जेल नसलेल्यांत ९ टक्क्यांना आणि जेल असलेल्यांत २ टक्क्यांना दिसला. म्हणजे फायदा आहे, पण जेल न घालताही बहुतेकांना काही झालं नाही हेही त्याच आकड्यांत आहे.

बाबांच्या एमआरआयमध्ये मात्र गाठ मागच्या बाजूने कॅप्सूलच्या, म्हणजे प्रोस्टेटच्या वरच्या आवरणाच्या, बाहेर आलेली होती. अशा वेळी जेल घातलं तर गुदाशयाबरोबर कॅन्सरच्या पेशीही किरणांपासून लांब सरकायची भीती, म्हणून डॉक्टरच नको म्हणाले. मी दादाला हे जसंच्या तसं सांगितलं. त्याने धरून ठेवलं ते एवढंच, की धाकट्याने पैसे वाचवले.

मग लाईट, म्हणजे रेडिएशनची सिटिंग, सुरू झाले. पुण्यात खोली घेऊन आम्ही दोघंच राहिलो. रोजचा क्रम असा: सकाळी पोट साफ पाहिजे, दवाखान्यात गेल्यावर लघवी करून यायची, अर्धा लिटर पाणी प्यायचं आणि पाऊण तासाने टेबलावर. मूत्राशय भरलं की आतडी वर उचलली जातात आणि मूत्राशयाचाही बराचसा भाग किरणांच्या वाटेतून बाजूला होतो. आणि गुदाशयात गॅस असला की ते फुगून प्रोस्टेटला पुढे ढकलतं, मग मिलिमीटरचा हिशेब करून आखलेला प्लॅन त्या दिवशी जागेवर बसत नाही. आम्हाला यातलं काही कोणी नीट समजावलं नव्हतं, एक इंग्रजी कागद हातात दिला होता.

तिसऱ्या दिवशी मशीन दीड तास मागे. बाबांनी पाणी वेळेवर प्यायलेलं. नंबर यायच्या आधीच पॅंट ओली झाली. ज्या माणसाने तीस वर्षं गाडीत उभं राहून तिकिटं फाडली, पुढचा स्टँड येईपर्यंत दाबून धरायची ज्याला सवय, तो माणूस मांडीवर पिशवी धरून बाकड्यावर बसून राहिला आणि मला जवळ येऊ देईना. चौथ्या दिवशी त्यांनी माझी नजर चुकवून निम्मं पाणी दारातल्या कुंडीत ओतलं. टेबलावर घेतल्यावर लाईटच्या आधी रोज एक स्कॅन होतो, त्यात लगेच दिसलं. टेक्निशियन ताई बाहेर येऊन म्हणाल्या, "काका, ब्लॅडर निम्मंच भरलंय, असं देता येणार नाही. उतरा, पाणी प्या, परत घेऊ."

त्या संध्याकाळी मी बाटलीवर ५०० च्या रेघेला लाल चिकटपट्टी लावली, आणि दुसऱ्या दिवशी ताईंना विनंती केली की आत तीन पेशंट राहिले की मला खूण करा. अपॉइंटमेंटची वेळ बघणं सोडलं, खूण झाली की बाटली उघडायची. पॅंटच्या जागी पायजमा, पिशवीत दुसरा पायजमा. रात्रीच्या जेवणातून वाल, हरभरा, कोबी, मुळा बंद. उरलेल्या १६ दिवसांत बाबांना एकदाच उतरवलं, गॅस होता म्हणून, कॉरिडॉरमध्ये चार चकरा मारून आले आणि झालं. तुमच्या वडिलांसोबत रोज जाणारं माणूस आधी ठरवा, जेलचं नंतर बघा, असं माझं स्पष्ट मत आहे.

नातेवाईक प्रोटॉन, प्रोटॉन करतील, म्हणजे एक्स-रेऐवजी प्रोटॉन कणांचं रेडिएशन. अमेरिकेत साडेचारशे पेशंटवर प्रोटॉन आणि आयएमआरटी (गाठीच्या आकाराप्रमाणे बेतलेलं एक्स-रेचं रेडिएशन) यांची थेट तुलना झाली, २०२४ मध्ये निकाल आला, दोन वर्षांनी पोटाच्या तक्रारींत फरक नव्हता.

आता दादाचं. लाईट संपून १४ महिने झाल्यावर बाबांना संडासातून रक्त गेलं आणि दादाने फॅमिली ग्रुपवर लिहिलं, "जेल घातलं असतं तर ही वेळ आली नसती." सगळ्या भावकीसमोर. मी पाणी मोजून वीस दिवस काढले होते, तरी रक्त आलं, हे खरं आहे आणि मला ते लागलं. पण जेल बाबांना चालणारच नव्हतं, ते डॉक्टरांनी फाईलमध्ये लिहून दिलंय, पान मी ग्रुपवर टाकलं, त्यावर दादाचं एक अक्षर नाही. धावपळ माझीच झाली. गावाकडच्या सर्जननी दुर्बीण घालून बायोप्सी घेऊ म्हटलं, मी आधी रेडिएशनच्या डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, गुदाशयाच्या पुढच्या भिंतीची बायोप्सी अजिबात घेऊ देऊ नका, रेडिएशन झालेली जागा भरून येत नाही, भोक पडू शकतं. नुसतं बघून घेतलं, प्रॉक्टायटिस, म्हणजे गुदाशयाच्या अस्तराला सूज, निघाला, सुक्राल्फेट या औषधाचा एनिमा काही आठवडे दिला आणि रक्त थांबलं. पुढच्या भिंतीची बायोप्सी नको, हे तुमच्या फाईलवर मोठ्या अक्षरात आत्ताच लिहून ठेवा, दोन वर्षांनीसुद्धा लागेल.

तर जेल घ्यायचं का: गाठ कॅप्सूलच्या आत असेल आणि पैशाची ओढाताण नसेल तर घ्या. एमआरआयमध्ये मागच्या बाजूने बाहेर आली असं असेल तर डॉक्टरांना तेवढं एकच विचारा आणि ते काय म्हणतात ते सगळ्या भावंडांसमोर बोलून घ्या, एकट्याने ऐकून येऊ नका.

मी डॉक्टर नाही. पाण्याचं माप आणि पोट साफ व्हायचं औषध प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं, तुमच्याकडे सांगतील तेच करा. रक्त पातळ व्हायची गोळी चालू असेल किंवा आतड्याला सूज यायचा जुना आजार असेल तर प्लॅनिंगच्या आधीच सांगा. आणि लाईट चालू असताना लघवी तुंबली, थेंबही येईना, तर सकाळच्या नंबराची वाट बघू नका, रात्रीच कॅज्युअल्टीत न्या.